माळ्यावरची जुनी रील तुटली? प्रोजेक्टरवर लावण्याआधी ती जोडायची कशी, ते समजून घ्या

औरंगपुऱ्यातल्या आजीच्या घरी माळा साफ करताना बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा हाती लागला. आत प्लास्टिकच्या तीन चकत्या आणि त्यांवर गुंडाळलेली बोटाच्या पेरापेक्षाही अरुंद अशी काळपट पट्टी. एका चकतीला चिकटवलेल्या कागदावर निळ्या शाईत लिहिलं होतं : 'पैठण धरण, गच्ची, १९७७'. मामाआजोबा परदेशातली नोकरी सोडून परत आले, तेव्हा त्यांनी सोबत एक छोटा मूव्ही कॅमेरा आणला होता म्हणे. आजीने कागद वाचला आणि एवढंच म्हणाली, "गच्चीवर म्हणजे यात माझी आई असणार."

पणजीचा घरात एकच फोटो आहे, तोही लग्नातला. तिला चालताना, बोलताना पाहिलेलं आता आजीशिवाय कोणी उरलेलं नाही.

उत्साहाच्या भरात आम्ही ती रील एका ओळखीच्या दुकानात नेली. त्यांनी ती तशीच प्रोजेक्टरवर चढवली. दहा-बारा सेकंद धरणाची भिंत दिसली, मग चित्र जागीच थांबलं, मधोमध तपकिरी डाग पसरला आणि पट्टी तुटली. दुकानदाराने साधी सेलोटेप लावून रील परत दिली. इथेच आमचे डोळे उघडले. जे आधी शिकायला हवं होतं ते नंतर शिकलो. तुमच्या घरी असा डबा निघाला तर तुमची फ्रेम जळू नये, म्हणून हा लेख.

रील म्हणजे नेमकं काय असतं?

आपल्या फोनमध्ये व्हिडिओ म्हणजे एक फाइल. खराब झाली तर कॉपी असते, क्लाउडवर बॅकअप असतो. रीलचं तसं नाही. कॅमेऱ्यात जी पट्टी फिरली तीच धुऊन परत घरी यायची आणि तीच प्रोजेक्टरवर लावायची. बहुतेक घरगुती रीलला वेगळी निगेटिव्ह नसतेच. म्हणजे तुमच्या हातात जे आहे ते मूळ आहे आणि जगात तेवढं एकच आहे.

घरगुती वापरासाठी तीन मापं जास्त चालली. १६ मिमी फिल्म कोडॅकने १९२३ मध्ये आणली, रेग्युलर ८ मिमी १९३२ मध्ये आणि सुपर ८ फिल्म १९६५ मध्ये. सत्तरच्या दशकातल्या घरांमध्ये बहुधा सुपर ८च निघते.

सुपर ८ ची एक फ्रेम साधारण ५.८ मिमी रुंद आणि ४ मिमी उंच असते. फोनमधलं नॅनो सिम आठवा. तेवढ्या जागेत अशा चार फ्रेम मावतील! एका फुटात ७२ फ्रेम असतात. कॅमेऱ्याच्या एका कार्ट्रिजमध्ये ५० फूट पट्टी, म्हणजे ३६०० फ्रेम. सेकंदाला १८ फ्रेमच्या वेगाने ती ३ मिनिटं २० सेकंद चालते. तेव्हा लोक बटण जपून दाबायचे ते यामुळे.

सुपर ८ आहे की रेग्युलर ८, कसं ओळखायचं?

दोन्ही पट्ट्या ८ मिमीच रुंद असतात, म्हणून घोळ होतो. कडेची भोकं बघा.

- रेग्युलर ८ : भोकं मोठी आणि दोन फ्रेमच्या मधल्या रेषेवर.
- सुपर ८ : भोकं लहान आणि प्रत्येक फ्रेमच्या कडेला बरोबर मध्यावर.

भोकांमधलं अंतरही वेगळं असतं : रेग्युलरमध्ये ३.८१ मिमी, सुपरमध्ये ४.२३ मिमी. म्हणून एकाची पट्टी दुसऱ्याच्या प्रोजेक्टरवर चढवली तर भोकं फाटणारच. काही प्रोजेक्टरवर दोन्ही चालतात, पण त्यासाठी बटण फिरवून माप बदलावं लागतं. जोडणीच्या यंत्राचंही तसंच, ज्या मापाची फिल्म त्याच मापाचं यंत्र हवं.

आधी नाक वापरा, मग डोळे

डबा उघडल्यावर वास घ्या. लोणच्याच्या बरणीसारखा, व्हिनेगरचा आंबट वास आला तर सावध व्हा. घरगुती फिल्मची पट्टी बहुतेक वेळा सेल्युलोज ॲसिटेटची असते. उष्णता आणि दमटपणा यांमुळे ॲसिटेटचं विघटन होतं आणि त्यातून ॲसेटिक ॲसिड बाहेर पडतं. व्हिनेगरमध्ये असतं तेच हे. गंमत, खरं तर दुःख, असं की बाहेर पडलेलं ॲसिड पुढच्या विघटनाला आणखी वेग देतं. याला 'व्हिनेगर सिंड्रोम' म्हणतात. हे थांबवता येत नाही, फक्त मंद करता येतं.

ट्रायॲसिटेटची फिल्म १९४८ मध्ये आली आणि दहा वर्षांच्या आत कोडॅककडे या बिघाडाची पहिली तक्रार गेली. कोणाकडून? भारत सरकारकडून. इथल्या उकाड्यात आणि दमट हवेत ठेवलेल्या फिल्म सगळ्यांत आधी आंबल्या. आता विचार करा, आपल्या संभाजीनगरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि स्लॅबच्या थेट खाली असलेला माळा तर भट्टीच होतो. त्यावर पावसाळ्याची ओल. म्हणजे रील ठेवण्यासाठी घरातली सगळ्यांत वाईट जागा आपण अगदी निगुतीने निवडलेली असते.

वासानंतर पुढच्या गोष्टी तपासा :

१. पट्टी सपाट आहे का, की पन्हाळीसारखी वळली आहे?
२. हलकेच वाकवली तर वाकते, की करकरते?
३. पांढरे जाळीदार डाग आहेत का? ही बुरशी असते. चित्राचा थर जिलेटिनचा असतो आणि पावसाळ्यात बुरशीला तो खाऊच वाटतो.
४. पट्टी आकसली आहे का? यासाठी त्याच मापाची नवी कोरी पट्टी शेजारी ठेवून पहिलं भोक जुळवा आणि शंभर भोकं मोजा. शंभराव्या ठिकाणी पूर्ण एका भोकाचा फरक पडला, तर आकुंचन १ टक्का झालं. अशी रील प्रोजेक्टरवर लावू नका.

आंबट वास, वळलेली पट्टी, करकर किंवा आकुंचन यांपैकी काही असेल तर घरी प्रयोग नको. ती रील बाकीच्या रीलपासून लगेच वेगळी ठेवा, कारण तिची वाफ शेजारच्या रीललाही लागते.

पट्टी तुटते का, जळते का?

प्रोजेक्टरमध्ये पट्टी सरळ वाहत जात नाही. एक छोटा पंजा भोकात अडकतो, पट्टी एक फ्रेम खाली ओढतो, ती क्षणभर थांबते, प्रकाश पडतो, पुन्हा पंजा ओढतो. हे सेकंदाला १८ वेळा! एक भोक जरी फाटलेलं असलं की पंजा घसरतो, पट्टी अडकते आणि दिव्यासमोर एकच फ्रेम उभी राहते. सुपर ८ प्रोजेक्टरचा हॅलोजन दिवा बऱ्याचदा १०० वॅटचा असतो आणि त्याचा सगळा झोत त्या सिमच्या पाव भागावर पडतो. आमची फ्रेम अशीच जळली.

दुसरं कारण जुने जोड. त्या काळी लोक अनेक छोट्या रील सिमेंटने जोडून एक मोठी रील करायचे. चाळीस-पन्नास वर्षांत ते सिमेंट सुकतं आणि जरा ताण आला की जोड सुटतो. म्हणून नियम एकच : आधी तपासणी, मग दुरुस्ती, प्रोजेक्टर सगळ्यांत शेवटी.

काय काय साहित्य लागेल?

- सुती पांढरे हातमोजे, किंवा स्वच्छ धुऊन कोरडे केलेले हात
- हाताने फिरवायची दोन रिवाइंडर चाकं (प्रोजेक्टरवर रील गुंडाळू नका)
- त्या मापाचा स्प्लायसर, म्हणजे पट्टी बसवून कापायचं आणि जोडायचं छोटं यंत्र
- भोकं आधीच पाडलेली स्प्लायसिंग टेप
- कोरी लीडर पट्टी
- धागे न सुटणारं मऊ कापड आणि भिंग
- फोन!

फोन कशाला? स्क्रीनवर पूर्ण पांढरं चित्र लावा, ब्राइटनेस फुल करा, वर स्वच्छ काच आणि ट्रेसिंग पेपर ठेवा. झाला लाइटबॉक्स. दुसऱ्या फोनचा मॅक्रो कॅमेरा भिंगाचं काम करतो. डब्यावरचा कागद, रीलवरच्या नोंदी, मोडलेल्या जागा यांचे फोटो काम सुरू करण्याआधीच काढून ठेवा.

स्प्लायसर आणि टेप आता गल्लीतल्या दुकानात मिळत नाही. जुन्या फोटो स्टुडिओत चौकशी करा, नाहीतर परदेशातून ऑनलाइन मागवा. घाई नको. पन्नास वर्षं थांबलेली रील आणखी महिनाभर थांबेल.

टेप की सिमेंट?

सिमेंटच्या जोडात एका टोकावरचा चित्राचा थर खरवडतात, सिमेंट लावतात आणि दुसरं टोक त्यावर चढवून दाबतात. हा गोंद नव्हे. त्यातला द्रावक ॲसिटेट विरघळवतो आणि दोन पट्ट्या एकजीव होतात, जवळपास वेल्डिंगसारखं. जोड मजबूत होतो, पण खरवडताना चित्राचा भाग कायमचा जातो आणि चुकलं तर मागे फिरता येत नाही. शिवाय पॉलिएस्टरच्या पट्टीवर सिमेंट चालतच नाही. फुजीची 'सिंगल-८' फिल्म पॉलिएस्टरची असते, तिला टेपच लागते.

टेपच्या जोडात दोन्ही टोकं एकमेकांवर न चढवता समोरासमोर टेकवतात आणि दोन्ही बाजूंनी पातळ टेप लावतात. चित्र जात नाही आणि नीट जमलं नाही तर टेप काढून पुन्हा लावता येते. नवशिक्यांसाठी टेपच बरी.

टेपने जोडायची पद्धत

१. बाजू ओळखा. उजेडात तिरकी धरली की पट्टीची एक बाजू चकचकीत आणि एक मंद दिसते. मंद बाजूवर चित्राचा थर असतो. दोन्ही तुकड्यांची मंद बाजू एकाच दिशेला आणि भोकं एकाच कडेला हवीत, नाहीतर अर्धा सिनेमा उलटा दिसेल.

२. टोक बसवा. स्प्लायसरवर बारीक खुंट्या असतात. पट्टीची भोकं त्यांत अलगद अडकवा. दाबू नका, आपोआप बसली पाहिजेत.

३. कापा. फाटलेली कड स्प्लायसरच्या पात्याने सरळ कापा. शक्य तितकं कमी कापा. एक फ्रेम म्हणजे १/१८ सेकंद. दोन-चार फ्रेम गेल्या तर डोळ्याला कळणारही नाही. पण कापलेला तुकडा टाकू नका. कागदाच्या पाकिटात ठेवा आणि वर लिहा, कुठून कापला.

४. टोकं भिडवा. दुसऱ्या तुकड्याचंही तसंच करा. दोन्ही टोकं टेकली पाहिजेत. फट राहिली की पडद्यावर पांढरी रेघ चमकते, एकमेकांवर चढली की चित्र उडी मारतं.

५. टेप लावा. टेपची भोकं खुंट्यांवर जुळवून एका बाजूने लावा, बोटाने घासून हवेचे बुडबुडे काढा. मग पट्टी उलटी करून दुसऱ्या बाजूने लावा.

६. तपासा. जोड हलकेच वाकवा, भोकांवरून बोट फिरवा. कुठे अडलं तर टेप पुन्हा लावा. इथे बोटाला जे अडतं ते प्रोजेक्टरच्या पंजालाही अडणार.

पूर्ण रील अशीच हाताने, हळूहळू एका चाकावरून दुसऱ्यावर न्या. पट्टीच्या दोन्ही कडा अंगठा आणि तर्जनी यांच्यात अगदी हलक्या धरा. फाटलेलं भोक, सुटू पाहणारा जोड बोटाला आधी कळतो, डोळ्याला नंतर. जुने सुटलेले सिमेंट जोड टेपने नव्याने करा. शेवटी सुरुवातीला आणि शेवटी तीन-चार फूट कोरी लीडर जोडा. प्रोजेक्टरमध्ये पट्टी ओवताना जी ओढाताण होते ती लीडरने सोसावी, आपल्या माणसांच्या चेहऱ्यांनी नको.

भोक फाटलं असेल तर?

एखाद-दुसरं भोक फाटलं असेल तर फ्रेम कापायची गरज नाही. भोकं असलेली टेप त्यावर बरोबर जुळवून लावली की पंजाला पुन्हा आधार मिळतो. सलग बरीच भोकं गेली असतील तर तो भाग प्रोजेक्टरवर न लावता स्कॅन करून घेणं शहाणपणाचं.

या भोकांचं आणि मराठी घराचं नातं जुनं आहे. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) केला, तेव्हा कच्ची फिल्म बिनभोकांची यायची. दादरच्या घरी अंधाऱ्या खोलीत तिला भोकं पाडण्याचं काम सरस्वतीबाई फाळके करायच्या. दिवसभर युनिटचा स्वयंपाक आणि रात्री फिल्मला भोकं. एक भोक चुकलं तर चित्र पडद्यावर थरथरणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आवाज असलेली रील

पट्टीच्या कडेला तपकिरी रेघ दिसली तर ती चुंबकीय ध्वनिपट्टी, म्हणजे कॅसेटच्या टेपसारखीच. सुपर ८ मध्ये आवाज त्याच्या चित्राच्या १८ फ्रेम पुढे असतो. म्हणजे तुम्ही चित्र कापलं तिथे आवाज दुसऱ्याच क्षणाचा कापला जातो. अशा रीलमधून फ्रेम काढणं टाळा आणि टेपने ध्वनिपट्टी झाकू नका, तिथे आवाज जातो.

या चुका करू नका

- साधी सेलोटेप : तिचा चिकट थर कडेने पसरतो, वरच्या-खालच्या वेटोळ्यांना चिकटतो आणि पिवळा पडतो. आमच्या रीलवरची काढायला एक अख्खा रविवार गेला.
- पाणी किंवा ओलं फडकं : जिलेटिन पाण्याने मऊ होऊन चित्रासकट निघतं.
- नेलपॉलिश रिमूव्हर : त्यातलं ॲसिटोन ॲसिटेटची पट्टीच विरघळवतं. साफसफाई फक्त मऊ कोरड्या कापडाने.
- न तपासलेला प्रोजेक्टर : रबरी पट्टे वितळून चिकट होतात, फिल्म जाते ती वाट धुळीने भरते. आधी नको असलेली एखादी जुनी पट्टी चालवून बघा. अमेरिकेतून आणलेला प्रोजेक्टर ११० व्होल्टचा असू शकतो. ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या २३० व्होल्टला लावलात तर दिवा गेलाच म्हणून समजा.

आधी कॉपी, मग शो

जगातली सगळ्यांत गाजलेली घरगुती फिल्म २२ नोव्हेंबर १९६३ ची आहे. डॅलसमधले कापड व्यावसायिक अब्राहम झाप्रुडर यांनी ८ मिमी कॅमेऱ्याने राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येचा क्षण टिपला. साडेसव्वीस सेकंद, ४८६ फ्रेम. पुढे हाताळताना मूळ पट्टी खराब झाली आणि २०८ ते २११ या चार फ्रेम गेल्या, तिथे आजही जोड दिसतो. मात्र झाप्रुडर यांनी त्याच दिवशी तीन कॉपी करून घेतल्या होत्या, म्हणून त्या फ्रेम कॉपीत उरल्या. इतक्या मोलाच्या पट्टीचं असं होऊ शकतं, तर आपल्या रीलची काय कथा!

म्हणून दुरुस्तीनंतर पहिलं काम स्कॅनिंग. फ्रेम-बाय-फ्रेम स्कॅनरमध्ये पट्टी हळू जाते, गरम दिवाही नसतो. रील देण्याआधी दुकानदाराला थेट विचारा : 'प्रोजेक्टरवर चालवून शूट करता, की फ्रेम स्कॅन करता? चालवण्याआधी जोड तपासता का?' उत्तर गोलमोल आलं तर रील परत घ्या.

रील धडधाकट असेल आणि भिंतीवरचं चित्र फोनने टिपायचं असेल, तर फोन स्टँडवर लावा, प्रो मोडमध्ये फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा. प्रोजेक्टरची तीन पात्यांची झडप एका फ्रेमला तीन वेळा उजेड पाडते, म्हणजे सेकंदाला ५४ झपकारे. फोन घेतो ३० फ्रेम. हा मेळ बसत नाही म्हणून चित्र लुकलुकतं. शटर स्पीड कमी ठेवला, १/५० च्या आसपास, तर लुकलुक कमी होते, पूर्ण जात नाही.

रील ठेवायची कुठे?

माळ्यावरून उतरवा, ही पहिली पायरी. खालच्या मजल्यावरची, आतली, कोरडी खोली बरी. ओल येणाऱ्या भिंतीला टेकलेलं कपाट नको. गंजका डबा बदला, त्यातले जुने कागद आणि रबरबँड काढून टाका. आंबट वासाची रील स्कॅन होईपर्यंत हवाबंद पिशवीत, सिलिका जेलसह फ्रीजमध्ये ठेवता येते. बाहेर काढल्यावर मात्र ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर पट्टीवर पाणी सुटेल.

हे काम मोठ्या प्रमाणावर कसं होतं हे बघायचं असेल तर पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (स्थापना १९६४) आठवा. फाळक्यांच्या 'कालिया मर्दन'चे (१९१९) विस्कळीत तुकडे तिथल्या पी. के. नायर यांनी मिळवून क्रमाने लावले, म्हणून तो आज पाहता येतो. त्यात बाळकृष्णाचं काम फाळक्यांच्याच मुलीने, मंदाकिनीने केलंय. एका बापाने टिपलेली आपली लेक, तुकडे जुळवले म्हणून शंभर वर्षांनीही दिसते.

आमच्या रीलचं काय झालं?

आम्ही एकूण सात जोड केले. जळालेल्या तीन फ्रेम पाकिटात आहेत. स्कॅन झाल्यावर फाइल आजीच्या टीव्हीवर लावली. धरण, नाथसागराचं पाणी, मग एकदम गच्ची. उन्हात पापडांचं वाळवण घातलंय आणि नऊवारीतली एक ठेंगणी बाई हातवारे करत कॅमेऱ्याला 'जा रे तिकडे' म्हणतेय. आवाज नाहीच त्यात. एकूण ३८ सेकंद.

आजीने ते चार वेळा पाहिलं. मग म्हणाली, "डाव्या हाताने पापड उलटायची ती. मी विसरलेच होते."

तुमच्या माळ्यावर डबा असेल तर या उन्हाळ्याच्या आत खाली उतरवा. वास घ्या, फोटो काढा आणि प्रोजेक्टरचं बटण मात्र सगळ्यांत शेवटी दाबा.